नावे उरली ती शत्रूंचीच

गेल्या वर्षी द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्यांना 'बोली आणि प्रमाणभाषा' हा घटक शिकवीत असताना आम्ही एक साधा स्वाध्याय दिला होता. अंगणात, परसात, गोठ्यात आणि बागेत दिसणाऱ्या लहानसहान जिवांची आपल्या घरात चालणारी नावे लिहून आणावीत. शक्यतो आजी-आजोबांना विचारून आणावीत. आम्ही दोघे पिंपळगाव बसवंत येथे मराठी शिकवितो. आमच्या वर्गात निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतली मुले असतात, काही सुरगाणा-पेठच्या आदिवासी पट्ट्यातून येतात, काहींच्या घरी अहिराणी बोलली जाते. म्हणजे एका वर्गात निदान तीन-चार बोली बसलेल्या असतात. त्यामुळे एकेका किड्याला चार-चार नावे मिळतील आणि फळ्यावर छान तक्ता मांडता येईल, अशी आमची अपेक्षा होती.

वह्या आल्या. त्यांत नावे होतीही, पण ती आम्हांस अपेक्षित असलेली नव्हती. थ्रीप्स, मिलीबग, उडद्या, तुडतुडे, मावा, लाल कोळी, नागअळी, टुटा, पांढरी माशी, हुमणी, लष्करी अळी. एका मुलाने तर प्रत्येक नावापुढे औषधाचे नाव आणि पंपाला किती मिली, हेही लिहिले होते. स्वाध्यायात ते विचारलेले नव्हते. पण त्याच्या घरात ते नाव ज्या वाक्यात येते, त्या वाक्यात औषधही येतेच, म्हणून त्याने प्रामाणिकपणे लिहिले. वह्या तपासता तपासता आमच्या ध्यानात आले की या मुलांना किड्यांची नावे माहीत नाहीत हे म्हणणे साफ चूक आहे. आम्हां दोघांच्या पिढीला माहीत नव्हती इतकी नावे त्यांना ठाऊक आहेत. मात्र ती सगळी शत्रूंची आहेत.

हा लेख त्या एका निरीक्षणाविषयी आहे. लोकभाषेतील शब्द लोप पावत आहेत, अशी हळहळ मराठीच्या प्राध्यापकांनी व्यक्त करावी हा आता एक रिवाजच झाला आहे आणि तीत आणखी एक सूर मिसळण्याची आमची इच्छा नाही. शब्द सरसकट लोप पावत नाहीत. काही टिकतात, काही नव्याने घडतात, काही जातात. कोणते टिकतात आणि कोणते जातात, यामागे एक हिशेब असतो. आमच्या परिसरात तो हिशेब फवारणीचा आहे.

प्रथम नव्याने घडणाऱ्या शब्दांविषयी, कारण तेथे भाषा जिवंत असल्याचा पुरावा आहे. द्राक्षावरील 'डाऊनी मिल्ड्यू' या रोगाला शासकीय पत्रकांत 'केवडा' म्हणतात. शेतकरी मात्र 'डावणी' म्हणतो. इंग्रजी शब्द असा काही घासून घेतला आहे की तो दावणीच्या शेजारचाच वाटावा. 'डावणी आली', 'डावणीनं बाग धरली', अशी त्याची क्रियापदेही ठरून गेली आहेत. पानाच्या आत शिरून नागमोडी वाट कोरीत जाणाऱ्या अळीला 'नागअळी' म्हणणाऱ्याने ती वाट नीट पाहिली होती. छाटणीनंतरच्या कोवळ्या फुटी कुरतडणारा लहानसा भुंगेरा उडदाच्या दाण्याएवढा, म्हणून 'उडद्या'. अंगावर पीठ सांडल्यासारखा दिसणारा तो 'पिठ्या ढेकूण'. पण हे नाव पुस्तकात राहिले आणि बागेत 'मिलीबग' रुजला. २०१८ मध्ये मक्यावर अमेरिकेहून आलेली अळी अवतरली आणि थोड्याच काळात 'लष्करी अळी' हे भाषांतरित नाव गावोगाव पोहोचले. ज्या भाषेत हे सारे घडते तिला मरणोन्मुख म्हणणे शहाणपणाचे नाही.

आता दुसरी बाजू. त्याच वर्गातील एका मुलीने आजीला विचारून आठ-दहा नावे आणली होती. त्यांत 'कुंभारीण' होती. खिडकीच्या चौकटीत, वीजमीटरच्या पेटीमागे, भिंतीवरच्या फोटोआड ओल्या मातीच्या गोळ्या आणून घर बांधणारी माशी ती कुंभारीण. आजी म्हणाली होती, "कुंभारीण हाये ती. तिचं घर मोडू नई, बाळंतीण राहती त्यात." वर्गातील बाकीच्यांनी ते घर पाहिलेले होते, काठीने पाडलेही होते; पण त्या माशीला काही नाव आहे हे त्यांना माहीत नव्हते. "ती गांधीलमाशी ना, सर?" एवढेच एकाने विचारले.

आजीचे नाव शास्त्राला धरून आहे, ही गोष्ट आम्हांस नंतर समजली. या माश्यांमध्ये घर बांधण्याचे काम केवळ मादीच करते. म्हणून 'कुंभार' नव्हे, 'कुंभारीण'. ती त्या मातीच्या खोलीत डंख मारून बधिर केलेल्या अळ्या किंवा कोळी साठविते, अंडे घालते आणि दार लिंपून टाकते. पिल्लू आतल्या शिदोरीवर वाढते आणि एके दिवशी भिंत फोडून बाहेर पडते. म्हणजे 'बाळंतीण' हा शब्दही वाया गेलेला नाही.

आणि येथे आम्हां मराठीच्या शिक्षकांना थोडे ओशाळे व्हावे लागले. कीटभृंगन्याय आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. भृंग अळीला कोंडून ठेवतो, अळी त्याच्या ध्यासाने त्याचेच रूप घेते, तसा भक्त देवरूप होतो, हा दृष्टान्त वेदान्तात आणि संतवाङ्मयात वारंवार येतो. परीक्षेत त्यावर टिपा विचारल्या जातात. परंतु ज्या घटनेवरून तो दृष्टान्त सुचला, ती आमच्या वर्गाच्या खिडकीतच दर पावसाळ्यानंतर घडत असते, हे आम्ही एकदाही दाखविलेले नव्हते. पूर्वसूरींनी आत अळी जाताना पाहिली आणि बाहेर माशी येताना पाहिली. मधले त्यांनी कल्पनेने जोडले. चुकले असतील, पण त्यांनी पाहिले होते. आम्ही नुसता न्याय शिकविला.

या जुन्या नावांकडे एकत्र पाहिले की त्यांचे गोत लक्षात येते. कोळ्याला काही भागांत 'कातीण' म्हणतात. एका नावाने त्याचे जाळे पाहिले आणि त्याला मासेमार ठरविले, दुसऱ्याने त्याचा धागा पाहिला आणि सूत कातणारी बाई ठरविली. प्राणी एकच, पण पाहणारे दोन. स्पर्श होताच वेटोळे करून पडणारा, असंख्य पायांचा तो प्राणी देशावर 'वाणी' आणि कोकणात 'पैसा'. शिंगांसारखी शिंगे नाचवीत सावकाश चालणारी ती गोगलगाय. जूनच्या पहिल्या आठवड्यानंतर मृग नक्षत्र लागते आणि पहिल्या सरींनंतर ओल्या मातीवर लाल मखमलीचे ठिपके चालू लागतात, तो मृगाचा किडा. झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधणारी मधमाशी 'सातेरी', आणि चिडली तर जिच्या डंखांची आग होते ती 'आग्या'. कुंभार, कोळी, वाणी, गाय, नक्षत्र. अवघे गाव आणि त्याचे पंचांग या नावांमध्ये आहे. अर्थात गाव आले म्हणजे त्याची उतरंड आणि टवाळीही आली. पैशाच्या आकाराचे वेटोळे करणाऱ्याला वाणी म्हणण्यात ऋणको कुळाचा डंख नसेलच, असे आम्ही म्हणणार नाही. लोकनाम हे निरागस असते, हा शहरी गैरसमज आहे.

शिवाय ही नावे एका जागी स्थिर नसतात. 'डोंगळा' म्हटले की आमच्या भागात कांद्याच्या बियाण्याची लागवड डोळ्यांपुढे येते. अन्यत्र त्याच शब्दाचा अर्थ मोठी मुंगी असा होतो. वाळवी आमच्याकडे आणि खानदेशात 'उधई' होते. गांडुळाला दानवे, काडू, शिदोड, वाळे अशी प्रदेशागणिक नावे आहेत. 'नाकतोडा' हे नाव कुठे एका प्राण्याला लागते, तर कुठे त्याच्यासारख्या दिसणाऱ्या तिघांना. शास्त्राच्या कामाला असली नावे चालत नाहीत. तेथे लॅटिन नावच हवे. पण लॅटिन नाव प्राणी कोण हे सांगते. आपला आणि त्याचा संबंध काय, हे सांगत नाही.

हे केवळ आपल्याकडचे आहे असेही नाही. पाठीवर ठिपके असलेल्या, ढालीसारख्या गोल किड्याला इंग्रजीत 'लेडीबर्ड' म्हणतात. त्यातील 'लेडी' म्हणजे येशूची माता मेरी. रशियन भाषेत तोच किडा 'देवाची गाय' आहे. आपल्या मृगाच्या किड्याला संस्कृतात 'इंद्रगोप' म्हणतात, म्हणजे इंद्र ज्याचा रक्षणकर्ता आहे असा. रामायणातल्या वर्षावर्णनात तो आहे, कालिदासाच्या ऋतुसंहारातही आहे. एकमेकांस न भेटलेल्या लोकांनी निरुपद्रवी, देखण्या किड्यांना देवाच्या स्वाधीन केले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. देवाचे नाव दिले की मूल त्याला चिरडत नाही. नामकरण ही येथे संरक्षणाची एक युक्ती होती. आजीचे 'बाळंतीण राहती त्यात' हे वाक्य त्याच जातीचे आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज नाव मिळण्याची अट बदलली आहे. ज्याच्यावर औषध मिळते त्याला नाव मिळते. 'औषध' हा शब्दही पाहण्यासारखा आहे: विषाला औषध म्हटले की समोरचा जीव आपोआप रोग ठरतो. वाणी नावाचा प्राणी पिढ्यान् पिढ्या पालापाचोळा खाऊन जगत आला. त्याची छापील दखल कोणी फारशी घेतली नाही. काही वर्षांपूर्वी मराठवाडा-विदर्भात तो सोयाबीन-कपाशीची कोवळी रोपे खाऊ लागला, तेव्हा कृषी सल्ल्यांमध्ये 'मिलीपेड' या शब्दाशेजारी कंसात 'वाणी' आणि 'पैसा' ही नावे आली. २०२२ मध्ये लातूर, बीड, उस्मानाबाद या भागांत शंखी गोगलगायींनी सोयाबीन फस्त केले आणि गोगलगाय बालगीतातून थेट वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर पोहोचली. लोकनामे छापली जातात ती शत्रुत्व जाहीर झाल्यावरच.

मराठीत कीटक, किडा आणि कीड असे तीन शब्द आहेत. कीटक पुस्तकात असतो, किडा अंगणात असतो आणि कीड पिकावर असते. आमच्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मधला शब्द जवळजवळ गळून गेला आहे. जे दिसते ते कीड, आणि कीड म्हणजे फवारणी. एका विद्यार्थ्याने सांगितलेला प्रसंग येथे सांगितला पाहिजे. त्याच्या घरच्या बागेत मिलीबग होता आणि त्याच्यातच, त्याच्यासारखे पांढरे लोकरी पण आकाराने मोठे असे काही दिसू लागले. मिलीबग माजला असे समजून वडिलांनी जास्तीची फवारणी घेतली. पुढे एका जाणत्या शेजाऱ्याने सांगितले की ती मिलीबग खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी होती. हा भुंगेरा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. १८९८ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत मिलीबगवर सोडण्याची शिफारस केली जाते. त्याची अळी दिसायला थेट मिलीबगसारखीच असते. "त्याला काय म्हणतात?" आम्ही विचारले. "क्रिप्टोलेमस." "आणि तुमच्याकडे?" मुलगा हसला. त्याच्याकडे त्याला मिलीबगच म्हणत होते. म्हणून तर तो मेला.

नावाचा प्रश्न हा केवळ भाषेच्या अभिमानाचा प्रश्न नाही, हे आम्हांस या प्रसंगाने शिकविले. ज्याला वेगळे नाव नाही तो वेगळा दिसत नाही आणि जो वेगळा दिसत नाही तो वेगळा ठेवताही येत नाही. ढालकिडा मावा खातो, कुंभारीण अळ्या उचलते, सातेरी आणि आग्या आल्या नाहीत तर डोंगळ्यात कांद्याचे बी भरत नाही. यांपैकी प्रत्येकाच्या नावाला शेताच्या अर्थशास्त्रात किंमत आहे. पण ती औषधाच्या बाटलीवर छापलेली नाही.

याला आम्ही शेतकऱ्यास दोष देत नाही. एका पावसाने वर्षाची बाग जाते आणि कर्ज मात्र राहते, अशा माणसाला कातिणीचे कौतुक करा म्हणून सांगण्याचा अधिकार पगारदार प्राध्यापकाला नाही. दोष असेल तर तो आमच्याकडे, म्हणजे शब्दांचे राखणदार म्हणविणाऱ्यांकडे येतो.

मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. लहान जिवांची कितीतरी नावे या कोशांमध्ये आहेत. पण त्यांच्यापुढे बहुधा 'एक प्रकारचा किडा' एवढाच अर्थ आढळतो. शब्द राहिला, पण तो कोणाचा हे हरवले. उलट शास्त्रीय लेखनात प्राण्याचे चित्र असते, पायांची संख्या असते. नाव मात्र 'प्रार्थना कीटक' असे, इंग्रजीवरून आणलेले. तेथे प्राणी राहिला, शब्द हरवला. पक्ष्यांच्या बाबतीत ही दरी मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी पक्षिकोशाच्या द्वारे पुष्कळशी बुजविली. किड्यांना असा कोशकार लाभलेला नाही. फुलपाखरांचे नशीब थोडे बरे आहे. २०१५ मध्ये 'ब्लू मॉर्मन' हे राज्य फुलपाखरू घोषित झाले, पुढे त्याला 'नीलवंत' हे सुरेख नाव मिळाले, इतर फुलपाखरांनाही मराठी नावे देण्यात आली. हे काम चांगलेच झाले. मात्र नवे नाव देण्यापूर्वी जुने कुठे आहे का, हे सुरगाण्याच्या एखाद्या आजीला विचारावे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

विचारण्याची सोय कायद्यात आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने लोकजैवविविधता नोंदवही करावयाची असते. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला. त्या नोंदवहीत स्थानिक नावाचा रकाना असतो. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यावर देशभर हे काम वेगाने उरकले गेले. घाईत भरलेल्या रकान्यात आजीचे शब्द उतरतील अशी अपेक्षा करता येत नाही. पण नोंदवही एकदाच भरून कपाटात ठेवण्यासाठी नसते. तिच्यात भर घालता येते. ती भर घालण्याचे काम मराठी आणि प्राणिशास्त्र या दोन विभागांनी मिळून करावे. एकाने शब्द ऐकावा, दुसऱ्याने प्राणी ओळखावा. इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठाने १९५० ते १९६१ या काळात ३१३ गावी माणसे पाठवून बोलींचे सर्वेक्षण केले, त्यात मुंगीला कुठे काय म्हणतात हेही नोंदविले. आपल्याकडे डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण करून शब्दांचे प्रादेशिक वैविध्य नकाशांवर मांडले आहे. म्हणजे रीत ठाऊक आहे. ती अंगणापर्यंत न्यावयाची आहे.

२०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्या वेळी आमच्या महाविद्यालयातही आनंद साजरा झाला. भाषेचे प्राचीनत्व सिद्ध करण्यासाठी शिलालेख आणि ग्रंथ पुढे आले, ते योग्यच होते. पण 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' हा वाक्प्रचार उत्तरपत्रिकेत अचूक वापरणाऱ्या आमच्या मुलांपैकी काहींनी काजवा पाहिलेला नाही, आणि ज्यांनी पाहिला त्यांच्यापैकी काही भंडारदऱ्याला काजवा महोत्सवाची गर्दी करून आले आहेत. वाक्प्रचार उरतो आणि त्यातला किडा निघून जातो, ही अभिजाततेची खूण मानावयाची काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

यंदा आम्ही तोच स्वाध्याय पुन्हा दिला आहे, मात्र प्रश्न बदलला. 'ज्यांच्यावर औषध मारावे लागत नाही अशा दहा जिवांची नावे आणा,' असे सांगितले. मुले गोंधळली. एकाने विचारले, "सर, असे दहा असतात का?" आम्ही त्याला खिडकीकडे नेले. चौकटीच्या कोपऱ्यात मातीचे एक घर होते, अर्धे बांधून झालेले. पहिले नाव त्याने तेथेच लिहिले. उरलेली नऊ विचारायला तो आजीकडे जाणार आहे.